कारण तो मेलेला नाही

हॅनोव्हरला येऊन तीन वर्षं झाली तेव्हा कुठे मला जर्मनच्या वर्गात जागा मिळाली. त्याआधीची तीन वर्षं मी जवळजवळ मुकी होते. पुण्यात नऊ वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला होता. पन्नास मुलांच्या वर्गात आवाज न चढवता बोलायची मला सवय होती. इथे बेकरीत बोट दाखवून ब्रेड घ्यायचे. माझ्या पोटात कुठे दुखतंय ते डॉक्टरला नवरा सांगायचा, आणि डॉक्टर त्याच्याकडे बघूनच औषध लिहून द्यायचा. मुलगी दुसरीत होती. आम्ही मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. एकदा पालकसभेला जाताना शाळेच्या दारातच तिने माझा हात सोडला आणि म्हणाली, "मामा, बिट्टं निष्ट रेडन." आई, प्लीज, बोलू नकोस.

हे मी आयुष्यात एकाच बाईला सांगितलं. ती मेक्सिकोची होती आणि वर्गात माझ्या शेजारी बसायची.

पन्नाशीची, बुटकी, जाड वेणीची. पुण्यात असती तर मी तिला काकू म्हटलं असतं आणि अहो-जाहो केलं असतं. जर्मनच्या वर्गात मात्र सगळेच एकमेकांना एकेरीत बोलायचे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ती माझ्यासाठी 'तू' झाली. तिचा नवरा जर्मन होता. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून तो काही वर्षं तिच्या गावाजवळ होता, निवृत्त होताना तिला लग्न करून घेऊन आला.

तिच्याकडे प्रत्येक गोष्टीसाठी त्यांच्याकडची एखादी म्हण असायची. कुणी उशिरा आलं, म्हण. कुणी नापास झालं, म्हण. पाऊस आला तरी म्हण. ती स्पॅनिशमधली म्हण शब्दाला शब्द लावून जर्मनमध्ये सांगायची. त्यात कधी कोळंबी असायची, कधी माकड, कधी निवडुंग, आणि कुणालाच काही कळायचं नाही. आमच्या बाई सुरुवातीला ती वाक्यं कौतुकाने फळ्यावर लिहायच्या. दुसऱ्या महिन्यापासून त्या घड्याळाकडे बघायला लागल्या. हिला ते कळलं नाही, किंवा कळून तिने सोडून दिलं असेल.

पंधरा जणांच्या त्या वर्गात आम्ही दोघीच अशा होतो की ज्यांना कुठेही नोकरी नव्हती आणि दुपारी घरी कुणी वाट बघत नव्हतं. म्हणून मी तिच्याकडे जायला लागले. तिचा नवरा दुपारी सायकल घेऊन बाहेर पडायचा, तेव्हा. ती मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून, त्याच्या हाताएवढ्या पोळ्या करायची. मी तिला भाकरी थापून दाखवली. ती इतकी हसली की खुर्चीत बसली. मग आमच्या दोघींच्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये ती मला तिच्या देशाचा इतिहास सांगायची, कारण मी इतिहासाची शिक्षिका आहे हे तिला फार भारी वाटायचं. कुण्या पाद्र्याने पहाटे चर्चची घंटा वाजवून लोकांना उठवलं आणि स्वातंत्र्याचं युद्ध सुरू झालं, ते. उत्तरेकडच्या शेजाऱ्याने अर्धा देश कसा घेतला, ते. एका सेनापतीचा पाय तोफेच्या गोळ्याने गेला, तर त्या पायाची त्याने लष्करी इतमामात अंत्ययात्रा काढली, आणि पुढे लोक चिडले तेव्हा त्यांनी तो पाय उकरून काढून रस्त्यातून फरपटत नेला, ते. हे सांगताना तिने टेबलाखालून आपला पाय वर उचलून दाखवला होता. मी पोट धरून हसले होते.

अशाच एका दुपारी मी तिला मुलीचं ते वाक्य सांगितलं. आणि तिने मला तिच्या मुलाचं सांगितलं.

तेवीस वर्षांचा होता. एका सकाळी कामाला गेला आणि परत आला नाही. फोन लागत नव्हता. पोलिसांनी तिलाच विचारलं की मुलगा कुठल्या भानगडीत होता. तिने चौकशा चालू ठेवल्या, तेव्हा कुणीतरी येऊन सांगून गेलं की आता थांबा. त्याला सहा वर्षं झाली होती. ना प्रेत, ना बातमी.

"इथे कुणाला माहीत नाही," ती म्हणाली. "मी सांगते, उत्तरेला कारखान्यात आहे. नवऱ्यालापण तेच सांगितलंय."

"नवऱ्यालापण?"

"तो विचारेल, मेला का? सगळे तेच विचारतात." मग ती थोडा वेळ हातातलं पीठ मळत राहिली. "आमच्याकडे नोव्हेंबरात मेलेली माणसं घरी जेवायला येतात. त्यांचे फोटो मांडायचे, ताट ठेवायचं. मी आईचा ठेवते, बाबांचा, भावाचा. त्याचा नाही ठेवत. ठेवला तर मेला."

मला आमच्या पितृपक्षाची पानं आठवली. मी तिला ते सांगायचा प्रयत्न केला, शब्द सापडले नाहीत. मी तिचा पीठ लागलेला हात धरला. त्या क्षणी मला तिच्याविषयी जे वाटलं ते खरं होतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून ते कुणाला पटणार नाही.

नकला करणं मला लहानपणापासून येतं. वर्गात मधल्या सुट्टीत एकदा मी सहज आमच्या बाईंची नक्कल केली, त्या चष्मा कपाळावर चढवून 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', कशा म्हणतात ती. सगळे फिदीफिदी हसले. युक्रेनची मुलगी, ब्राझीलचा आचारी, तुर्कस्तानच्या दोघी बहिणी, सगळे माझ्याभोवती जमले. तीन वर्षांत पहिल्यांदा या देशात कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी मागितलं. मी मेक्सिकन बाईची नक्कल केली. वेणी खांद्यावरून पुढे ओढायची, हवेत बोट नाचवायचं, आणि गंभीर चेहऱ्याने एक निरर्थक वाक्य बोलायचं, त्यात एखादं माकड घालायचं. पहिल्यांदा तीही हसली. सगळ्यांत जास्त तीच हसली. चौथ्या-पाचव्या वेळी ती डबा घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली. मी ते पाहिलं आणि थांबले नाही.

एकजण कधीच हसायचा नाही. सीरियाहून आलेला एक चाळिशीचा माणूस होता, गावी औषधांचं दुकान होतं त्याचं. तो आपली सफरचंदाची फोड खात आमच्याकडे बघत बसायचा.

ऑक्टोबरात बाईंनी सगळ्यांना सांगितलं, आपापल्या देशाच्या इतिहासातली एक गोष्ट पाच मिनिटांत सांगा. मी आठवडाभर तयारी केली. पुरंदरचा तह निवडला, शब्दकोश घेऊन दोन पानं लिहिली, पाठ केली. उभी राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला अडले. तहाला जर्मनमध्ये काय म्हणतात तेच आठवेना. बाई म्हणाल्या, "काही हरकत नाही, बस." तेच मी पुण्यात रडवेल्या मुलांना म्हणायचे, त्याच आवाजात.

माझ्यानंतर ती उभी राहिली. ऑस्ट्रियाचा एक राजपुत्र फ्रेंच सैन्याच्या जोरावर मेक्सिकोचा सम्राट, म्हणजे जर्मनमधला 'कैसर', होऊन बसला आणि तीन वर्षांनी मेक्सिकोच्या लोकांनी त्याला एका टेकडीवर गोळ्या घातल्या, ही गोष्ट तिने निवडली होती. कागद नाही, तयारी नाही. "कैसर आला," ती म्हणाली. "कैसर चांगला. कैसर स्पॅनिश शिकला. कैसरला फुलं आवडतात, फुलपाखरं आवडतात." मग हात पसरून, अगदी खेदाने, "कैसर ढुम्म."

वर्ग हसून कोसळला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या म्हणाल्या, "बघा, व्याकरण नसलं तरी चालतं, हिंमत लागते." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण तिला माझी दया आली. तास संपायच्या आत, सगळ्यांसमोर, ती बाईंना म्हणाली, "हिला मदत पाहिजे. हिला घरी कुणी बोलू देत नाही. हिची मुलगी म्हणते, मामा, बोलू नकोस."

तिला वाटत होतं, बाई मला जास्तीचा तास देतील. बाई "आख" म्हणाल्या, असं लांबवून, मान वाकडी करून. ब्राझीलच्या आचाऱ्याने माझ्या पाठीवर थोपटलं. मी हसले. घरी जाईपर्यंत मी हसरा चेहरा तसाच ठेवला होता. भांडी घासताना नवऱ्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

पुढचे दहा दिवस मी तिच्या घरी गेले नाही. तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, मुलीला सर्दी आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सणांवर बोलायचं होतं. ती दोन मोठ्या पिशव्या घेऊन आली. बाईंच्या टेबलावर तिने जांभळं कापड अंथरलं, त्यावर कातरकाम केलेले रंगीत कागद, बाल्कनीत वाढवलेले झेंडू, गोल पाव, बॅटरीच्या मेणबत्त्या, कारण खऱ्या पेटवायला इमारतीत परवानगी नव्हती. आई, वडील आणि भाऊ असे तीन फोटो. आणि वर्गातल्या प्रत्येकासाठी साखरेची छोटी कवटी, कपाळावर त्याचं त्याचं नाव. त्यांच्याकडे ती जिवंत माणसालाही देतात, प्रेमाने. माझ्या नावाचं स्पेलिंग तिने बरोबर लिहिलं होतं. आमच्या बाईंनाही ते कधी जमलं नव्हतं.

ती बोलली. थांबत, अडत, पण बोलली. मेलेले लोक झेंडूच्या वासाने घर शोधत येतात, त्यांना आवडायचं ते करून ठेवायचं, वडिलांना बिअर, आईला चॉकलेट. सगळे गप्प ऐकत होते. बाई म्हणाल्या, "वुंडरबार. आता प्रश्न विचारा. प्रत्येकाने एक. पूर्ण वाक्यात."

त्या आठवड्यात आम्ही 'वारुम' आणि 'वाइल' शिकत होतो. का, आणि कारण. माझा हात वर गेला. मी कधी हात वर करत नसे, म्हणून बाई खूश झाल्या.

मी विचारलं, "तुझ्या मुलाचा फोटो तिथे का नाही?"

वाक्य मी रात्रीपासून घोळवत होते असं नाही. ते तिथेच तयार झालं, आणि एकदम तयार झालं. प्रत्येक शब्द जागेवर, विभक्ती अचूक. या देशात मी बोललेलं ते पहिलं निर्दोष वाक्य.

"झेअर गूट!" बाई म्हणाल्या. "ऐकलंत सगळ्यांनी? परफेक्ट वाक्य."

ती माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असावं की मी चुकून बोलले, कारण तिने भुवया किंचित उंचावल्या, जणू मला मागे फिरायला वाट देत होती. मी नजर हलवली नाही.

"उत्तर?" बाई म्हणाल्या. "वाइल..."

"वाइल," ती म्हणाली, "कारण तो नाही आहे मेलेला."

"क्रियापद कुठे जातं?" बाईंनी फळ्यावर टकटक केली. "वाइलनंतर क्रियापद शेवटी. पुन्हा."

"कारण तो मेलेला नाही."

"गेनाऊ! साहजिकच आहे, जिवंत माणसाचा फोटो कशाला ठेवतील? आता सगळे एकत्र."

बरोबर आलेलं वाक्य सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचं, ही बाईंची पद्धत होती. आम्ही म्हटलं. कारण तो मेलेला नाही. बाईंनी बोटांनी ताल धरून दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. कारण तो मेलेला नाही. मीही म्हटलं. ती टेबलामागे, झेंडूंच्या मागे उभी होती आणि तिचेही ओठ हलत होते.

मग युक्रेनच्या मुलीने तिचा प्रश्न विचारला, अगदी निरागसपणे. "तुझा मुलगा कुठे आहे?"

ती काही म्हणायच्या आत मी म्हणाले, "तिला माहीत नाही."

याला माझ्याकडे काहीही सबब नाही. पहिलं वाक्य रागाने तोंडातून निघालं असं म्हणता येईल. दुसऱ्याच्या आधी मला तिचा चेहरा दिसला होता.

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "म्हणजे?" त्यांनी मला विचारलं, तिला नाही. मी खाली बघितलं.

ती फोटो उचलायला लागली. घाई नव्हती. आधी आईचा, मग बाबांचा. तेव्हा तो सीरियाचा माणूस उठला, पुढे गेला, आणि झेंडूचं एकेक फूल गोळा करून पिशवीत घालू लागला. तो तिच्याशी हळू आवाजात बोलला, पण ऐकू आलं. "माझा भाऊ. आठ वर्षं." तिने मान हलवली. दोघांनी मिळून कापडाची घडी घातली, चादरीची घालतात तशी, टोकाला टोक जुळवून.

मी तिच्या मागे व्हरांड्यात गेले. "एन्टशुल्डिगुंग," मी म्हणाले. माफ कर. तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि स्पॅनिशमध्ये एक वाक्य बोलली, छोटंसं, यमक असलेलं. तिने त्याचा अर्थ सांगितला नाही. मी विचारलाही नाही. ती जिना उतरून गेली.

साखरेची कवटी मी दप्तरातून घरी आणली. टाकून द्यायची होती. मुलीला सापडली. तिने ती दातांनी फोडून खाल्ली, कपाळावरचं नाव आधी.

ती वर्गात परत आली नाही. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "अगं, तिनेही तुझं सगळ्यांसमोर काढलंच होतं ना? जाऊन सॉरी म्हण आणि विषय संपव." शनिवारी मी गेले. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. उंच, गुलाबी, नम्र माणूस. म्हणाला, तिला बरं नाही, भेटायचं नाही म्हणतेय. वर्ग सोडला ते बरंच झालं, या वयात कशाला तो ताण, लागेल तिथे मी बोलेनच तिच्यासाठी. आतून नळाचा आवाज येत होता. मी आलेय हे कळल्यावर तो बंद झाला आणि मी जाईपर्यंत बंदच राहिला.

वर्गात मला कुणी काही बोललं नाही. सुट्टीत आता कुणी नकला मागत नव्हतं. बाई माझ्याशी फार अदबीने वागायच्या. मला बोलायला यायला लागलं होतं, हे त्यातलं सगळ्यांत वाईट. जणू एक बूच निघालं होतं. मार्चमध्ये मी परीक्षा पास झाले, तोंडी परीक्षेत वर्गात पहिली. पुढे एका शाळेच्या पाळणाघरात नोकरीही लागली. मुलगी आता पालकसभेला माझा हात धरून चालते आणि मैत्रिणींच्या आयांशी मला बोलू देते.

सीरियाचा माणूस परीक्षेच्या दिवशी भेटला. मीच त्याच्यापाशी गेले आणि तिची चौकशी केली. खिशातून फोन काढून त्याने एक फोटो दाखवला. उघडा माळ, दहा-बारा बायका, डोक्याला रुमाल, हातात लोखंडी सळया. त्या सळया जमिनीत ठोकतात, त्याने सांगितलं, मग बाहेर काढून टोकाचा वास घेतात. खाली काही असेल तर वासाने कळतं. त्यांची मुलं सरकार शोधत नाही, म्हणून त्या शोधतात. ती फेब्रुवारीत परत गेली होती. फोटोत उजवीकडून तिसरी. अंगातल्या पांढऱ्या शर्टावर एका मुलाचा चेहरा छापलेला होता, दाट भुवया, तिच्यासारखंच रुंद नाक. मी नीट बघायच्या आत त्याने फोन खिशात टाकला. तो परत माझ्याशी बोलला नाही.

तिचा नवरा मला गेल्या वर्षी सुपरमार्केटमध्ये भेटला. त्यानेच ओळखलं. खूप वाळला होता. दही घेता घेता म्हणाला, "तुम्ही तिच्या मैत्रीण ना? ती तुमच्याबद्दल नेहमी चांगलंच बोलायची." म्हणजे तिने त्याला काहीच सांगितलं नव्हतं. वर्ग का सोडला, तेही नाही.

"ती बहिणीकडे म्हणून गेली," तो म्हणाला. "दोन महिन्यांसाठी. फोन करते, पण येत नाही. माझं काही चुकलं का, तेही सांगत नाही." मग त्याने सामानाच्या ढकलगाडीचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. "तिने तुम्हाला कधी तिच्या मुलाबद्दल काही सांगितलं होतं का?"

माझ्या जर्मनमध्ये आता कुठलंही वाक्य बसलं असतं. त्या म्हाताऱ्याला खरं कळायला हवं होतं, आणि ते सांगायचा हक्क जगात ज्यांना होता त्यांच्यात मी नव्हते. की मला फक्त भीती वाटली, त्याला कळलं तर माझंही कळेल याची? मी अजून ठरवू शकलेले नाही.

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

त्याने मान हलवली, आभार मानले, आणि पैसे द्यायच्या रांगेत मला पुढे जाऊ दिलं.